पडीक खाचर पुन्हा धरायचं तर आधी बांध

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, रतनगडाच्या बाजूला, आजोबांची अडीच एकर जमीन आहे. बारा वर्षं ती कुणी कसलेली नाही. तुम्ही दोघं नवरा-बायको मुंबईतलं बिऱ्हाड आवरून येत्या मृगापासून तिथे राहायला जाणार आणि इंद्रायणी भात लावणार. बियाणं किती लागेल, खत कोणतं घालावं आणि गावात राहणं जमेल का, एवढं तुम्हाला हवंय.

या पट्ट्यात मी सत्तावीस वर्षं माती-पाण्याची कामं केली. घाटघर, साम्रद, रतनवाडी, कुमशेत, पाचनई या गावांच्या शिवारांतून पावसाळे काढले. बियाण्याचं आणि खताचं सांगतो, पण शेवटी. बारा वर्षं ज्या बांधावर कुणी पाय ठेवला नाही तो पाणी धरत नाही, आणि पाणी उभं राहिलं नाही तर इंद्रायणी काय नि गावठी काळभात काय, दोन्ही सारखेच वाळतात.

आधी कागद. सातबारा, आठ-अ आणि वारस नोंदीचा फेरफार काढून ठेवा. अडीच एकर वाचून हुरळून जाऊ नका. त्यात पोटखराबा (कसता न येणारी जमीन) किती, वरकस (उतारावरची हलकी जमीन) किती आणि पाणी धरणारं खाचर (बांध घातलेलं भाताचं शेत) किती, हे वेगवेगळं बघा. माझ्या पाहण्यात अडीच एकरांच्या खातेदाराकडे खरं खाचर तीस-चाळीस गुंठ्यांच्या वर क्वचितच असतं. उरलेला भाग उतार, कातळ आणि झाडी. शिवाय हा बराचसा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून किंवा त्याच्या आत आहे. ते अभयारण्य १९८६ साली झालं. तुमची हद्द कुठे संपते नि वनखात्याची कुठे सुरू होते, हे मोजणी करून पक्कं केल्याशिवाय उतारावरची एक फांदीही तोडू नका.

आता जमिनीकडे या. हा डोंगर लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे. थरावर थर, पुरणपोळ्यांची चळत रचावी तसा. काही थर घट्ट कातळाचे, काही भुसभुशीत, बारीक छिद्रांचे, आणि मधूनच विटकरी रंगाचा एखादा पट्टा. पावसाचं पाणी भुसभुशीत थरातून खाली झिरपतं, घट्ट थराला अडतं आणि जिथे तो थर डोंगराच्या कडेला उघडा पडतो तिथे झरा होऊन बाहेर येतं. म्हणून एकाच डोंगरावरचे झरे बहुतेक एकाच उंचीवर, एका रांगेत सापडतात. गावं, पाणवठे आणि जुनी खाचरं त्या रांगेच्या खालच्या अंगाला का, याचं उत्तर इथेच आहे. घरं मात्र मुरमाड सोंडेवर, जिथे भात होत नाही अशा जागी. माती भातासाठी राखायची आणि खडकावर आपण राहायचं, हा जुन्या माणसांचा हिशोब होता. तुम्ही नवीन घर बांधणार असाल तर हा हिशोब मोडू नका. रस्त्यालगतचं सपाट खाचर भरून त्यावर घर बांधायचा मोह अलीकडे फार वाढलाय.

पाऊस किती म्हणाल, तर घाटघरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या आसपास पडतो. तिथून पन्नासेक किलोमीटरवर, अकोले गावात, ५०० च्या आसपास. एकाच तालुक्यात दहापट फरक. आणि तो ५००० मिलिमीटरही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. त्यात साठलेलं प्रवरेचं पाणी कालव्यांनी खाली संगमनेर-श्रीरामपूरच्या उसाला जातं. वरच्या वाड्यांत एप्रिल-मे महिन्यात बायका हंडा घेऊन झऱ्याच्या कुंडापाशी वाटीवाटीनं पाणी भरत बसतात. हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय आणि अजूनही त्याची सवय झालेली नाही. तेव्हा तुमचं गाव पाणीवालं आहे असं पावसाळ्यात बघून ठरवू नका. वैशाखात जाऊन चार दिवस राहा, मग ठरवा.

खाचर म्हणजे काय हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. उतार कापून केलेली ही पायऱ्यांची उतरंड. वरच्या पायरीचं जादा पाणी बांधात ठेवलेल्या वाटेनं, म्हणजे सांडव्यातून, खालच्या पायरीत, तिथून त्याच्या खालच्या, असं करत ओढ्याला जातं. पाण्याबरोबर वरची झिजलेली बारीक माती, पालापाचोळा, शेणाचा अंश हेही उतरतं. वरच्या रानानं खालच्या खाचराला जेवू घालायचं, अशी ती रचना आहे. बांध भक्कम हवा आणि सांडवा योग्य जागी, योग्य उंचीवर हवा. सांडवा चार बोटं वर झाला तर पाणी बांधावरून जातं आणि बांध कापतं. खाली झाला तर खाचरात पाणी थांबत नाही.

बारा वर्षांत काय होतं ते सांगतो. खेकडे बांध पोखरतात. बिळातून पाणी आधी दोऱ्यासारखं गळतं, पुढच्या पावसाळ्यात मनगटाएवढं, आणि एका आषाढात बांधाचा दोन हात तुकडा बसतो. गुरं त्याच जागेवरून चढ-उतार करतात, घळ पडते. चिखलणी (पाण्यात नांगरून चिखल करणं) करकरून खाचराच्या तळाशी जो घट्ट थर तयार झालेला असतो, ज्यावर पाणी उभं राहतं, तो घाणेरी आणि करवंदीची मुळं फोडून टाकतात. आणि वरच्या खाचरातून मोकळं सुटलेलं पाणी, दगडगोटे घेऊन, खालच्या माणसाच्या भातात शिरतं.

म्हणून तुमची जमीन नुसती पडून होती असं समजू नका. बारा वर्षं तिचा त्रास तुमच्या खालचं खाचर कसणाऱ्याला झालाय. तो कदाचित तुमच्याशी सुरुवातीला धड बोलणार नाही. गावात गेल्यावर सरपंचाआधी, तलाठ्याआधी, त्याच्या घरी जा. चहा घ्या. ‘आमच्या बांधामुळं तुमचं किती गेलं’ हे विचारा आणि तो सांगेल ते ऐकून घ्या. तुमच्या शेतातलं पाणी कुठून येतं, कुठे फुटतं, आजोबांनी सांडवा कुठे ठेवला होता, ही माहिती तालुक्यातल्या कुठल्याच दप्तरात नाही. ती त्याच्याकडे आहे.

या उन्हाळ्यात लगेच यंत्र लावून खाचरं नीट करून घेऊ, असं तुमच्या मनात असणार. इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वाडीत आम्ही पडीक उतारावर नवी खाचरं काढली. निधी मार्चअखेर संपवायचा होता, म्हणून जेसीबी आणला. आठ दिवसांत सुंदर सपाट पायऱ्या तयार झाल्या, सगळे खूश. पण वरची वीतभर काळसर माती आधी बाजूला काढून ठेवायची असते, ती आम्ही काढली नाही. ती खाली गाडली गेली आणि पिवळा मुरूम वर आला. पहिल्या वर्षी भात पोटरीला आलाच नाही. दुसऱ्या वर्षी पेंढाच निघाला. एका म्हाताऱ्या बाबांनी मला एवढंच विचारलं, ‘साहेब, साय खाली घालून दूध वर ठेवलंत का?’ ती जमीन पूर्ववत व्हायला पाच-सहा पावसाळे लागले, आणि तोवर त्या लोकांनी रेशनचा तांदूळ खाल्ला. तेव्हापासून यंत्र आणायचंच असेल तर आधी साय काढून ठेवा, हे मी प्रत्येकाला सांगतो: वरची माती एका कडेला ढीग, मग कापणी-भरणी, मग ती माती पुन्हा वर पसरायची. एका वेळी एकच पायरी, आणि खालून वर जायचं.

बांधाचं काम मात्र हातानंच करा. दगड तिथलेच वापरा. पाया मुरूम लागेपर्यंत खोदा, मोठे दगड खाली, लांब दगड आडवे आत घुसवून, तोंड किंचित डोंगराकडे कललेलं. सिमेंट नको. कोरड्या रचाईतून जादा पाणी पाझरून जातं म्हणून बांध टिकतो. सिमेंटच्या भिंतीमागे पाणी तुंबतं आणि ती अख्खी आडवी होते. आतल्या अंगाला चिकण माती पायानं तुडवून बसवा. बांधावर गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) झाडं लावा, त्याचं कारण पुढे येईल.

हे काम दोघांच्यानं होणार नाही. आपल्या महादेव कोळी गावांत यासाठी पडकई आहे. दहा-पंधरा घरांनी मिळून पाळीपाळीनं एकेकाच्या उतारावर जाऊन खाचर काढून द्यायचं. मजुरी नाही, फक्त जेवण. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, वेळी हेच सावडीनं चालतं: आज तुमच्या शेतात, उद्या माझ्या. रोजंदारी सुरू झाल्यापासून हे कमी झालं असं म्हणतात आणि ते बरोबर आहे. पण अजून संपलेलं नाही. पैसे देऊन माणसं आणू म्हणाल तर आवणीच्या पंधरवड्यात तुम्हाला कुणी मिळणार नाही, कारण त्या पंधरवड्यात ज्याचं-त्याचं शेत अडलेलं असतं. तुम्ही आधी दुसऱ्याच्या चिखलात उतरलात, तरच तुमच्या चिखलात कुणी उतरेल. तुमच्या सौभाग्यवतींना हे आवर्जून सांगा, कारण आवणीत सगळ्यात जास्त वाकतात त्या बायका, आणि गावात तुमचं घर धरलं जाईल की नाही हे बरंचसं त्यांच्या सावडीवर ठरेल.

वर्षाचं चक्र कसं फिरतं ते ओझरतं सांगतो. फाल्गुन-चैत्रात रोपवाटिकेसाठी राब भाजतात. शेण, पालापाचोळा, साजडाच्या (ऐनाच्या) फांद्यांचे टहाळ आणि वर माती असे थर रोपवाटिकेच्या जागेवर रचून पेटवायचे. आचेनं तणाचं बी मरतं, राखेनं रोपाला जोर येतो. जुन्या लोकांनी हे उगाच केलेलं नाही. पण त्यासाठी दर साली झाडं ओरबाडली जातात आणि साजडाचे नुसते खांब उभे राहतात. त्याला दुसरा मार्ग आहे, तो खाली सांगतो. चैत्र-वैशाखात बाळहिरडा गोळा होतो. या भागात रोख पैसा देणारं हे मोठं साधन. तुमच्या वरकसात हिरड्याची झाडं असतील तर बारा वर्षं ती कुणी ना कुणी वेचत आलंय. पहिल्याच वर्षी हक्क सांगायला जाऊ नका. झाडं तुमची असली तरी निम्मा वाटा त्यांच्याकडे राहू द्या, असं माझं मत आहे.

मे अखेरीस, वळवाच्या सरींनंतर, हिरडा-बेहडा-सादड्याच्या झाडांवर काजवे लखलखतात. तेव्हा गाड्यांची रांग लागते आणि शनिवार-रविवारी लोक विजेऱ्या घेऊन झाडाखाली धावतात. काजव्याची अळी ओल्या मातीत राहते, गोगलगाई खाते. ती माती तुडवली गेली की पुढच्या वर्षीचा काजवा तिथेच संपतो. तुम्ही पुढे कधी पाहुणे ठेवायचा विचार केलात, तर अंगणातले दिवे मालवायची आणि वाटेवरूनच बघायची अट घाला.

रोहिणीत धूळवाफेवर (कोरड्या मातीत) किंवा मृगात पहिल्या पावसावर पेरणी, आर्द्रा-पुनर्वसूत आवणी. पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा, या दोघांच्या मध्ये काम उरकलं तर भात साधतो. आवणीच्या दिवसांत अंगावर कोरडं काही राहत नाही. पंधरा-पंधरा दिवस ऊन दिसत नाही, कपडे चुलीवर वाळवावे लागतात, मिठाला पाणी सुटतं. सरपण वैशाखात भरून ठेवलं नसेल तर आषाढात चूल पेटत नाही. याच दिवसांत डांगी या इथल्या गावठी जातीच्या गाय-बैलाचं मोल कळतं. या पावसात त्यांचं अंग भिजून बसत नाही, खूर कुजत नाहीत. जर्सी गाय आणायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. एकदा नुसतं बघायला जा.

भाजीपाला बाजारातून आणायची सवय असेल तर ती इथे सुटते. पावसाळ्यात कुर्डू, भारंगी, चाई, बडदा रानातून येतात, बांधावरचे खेकडे रात्री कालवणात जातात आणि बांधही वाचतो. पण कोणती भाजी कधी, किती उकळून पाणी टाकायचं, हे शेजारच्या आजीकडून शिकल्याशिवाय हात लावू नका. आश्विनात वाघबारस येते. डांगी गुरं ओढ्यावर धुऊन रंगवतात, वाघोबाला नैवेद्य दाखवतात. तुमची गुरं नसली तरी वर्गणी द्या आणि जा. दिवाळीनंतर मळणी उरकली की निम्मं गाव नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर नाही तर नाशिककडच्या द्राक्षबागांत कामाला जातं. पौषापासून होळीपर्यंत वाडीत म्हातारी माणसं आणि पोरं उरतात. तुम्हाला गाव जमेल का, याची खरी परीक्षा आवणीत होत नाही. ती या रिकाम्या दिवसांत होते. त्या वेळचा कामाचा बेत आधीच ठरवा. माझं म्हणणं, हे महिने बांधाला आणि झऱ्याला द्या.

झऱ्याबद्दल दोन गोष्टी. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की लोक झऱ्याचं तोंड खोल खोदतात, कधी सुरुंगही लावतात. तसं करू नका. ज्या घट्ट कातळावर पाणी अडलेलं असतं तोच फुटला तर पाणी खाली निघून जातं आणि झरा कायमचा बंद होतो. असे दोन झरे मेलेले मी पाहिलेत. काम करायचं ते झऱ्याच्या वर. ज्या उतारावरून त्याला पाणी येतं तिथलं रान चराईपासून राखायचं आणि सपाटीवर समपातळीत उथळ चर काढायचे. मात्र फार तीव्र उतारावर, भुसभुशीत मातीत चर खोदू नका. तिथे पाणी मुरवणं धोक्याचं असतं.

धोक्याचं सांगतो ते गांभीर्यानं घ्या. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात माळीण गाव डोंगराखाली गेलं. दीडशे माणसं गेली. आपला डोंगर त्याच जातीचा आहे. अतिवृष्टीत वरच्या माळावर नवी भेग दिसली, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा अचानक आटलं, झाडं-खांब कलले, दारं चौकटीत अडकायला लागली, तर पंचनाम्याची वाट न बघता शेजाऱ्यांना उठवा आणि घर सोडा. घराची जागा निवडताना घळीच्या तोंडाशी आणि कापलेल्या उताराच्या पायथ्याशी कधीच नको. दुसरं, साप. मण्यार रात्री घरात येतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो, पुष्कळदा कळतही नाही. खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा. चावलाच तर भगताकडे वेळ न घालवता सरळ सरकारी दवाखाना. लस कुठे मिळते ते पावसाळ्याआधी स्वतः जाऊन विचारून ठेवा.

आता पहिल्या दोन वर्षांचं. या वर्षी भाताचा हट्ट धरू नका. मृगाला जा, राहा आणि छत्री घेऊन भर पावसात प्रत्येक बांधावरून फिरा. पाणी कुठून आत येतं, कुठे गळतं, कुठे साठतं, तिथे खुंट्या ठोका. एवढीच या पावसाळ्याची शेती. जी एक-दोन खाचरं पाणी धरताना दिसतील तेवढ्यांत शेजाऱ्याच्या उरलेल्या रोपांनी आवणी करा. वरकसाच्या मंद उतारावर नागली घ्या. पुढच्या साली तिथेच वरई, तिसऱ्या साली खुरासणी आणि मग दोन-तीन वर्षं विसावा, हा जुना फेर चांगला आहे. दिवाळीनंतर खुंट्या बघून बांध धरा. रानडुकरं भात लोळवतील, ते गृहीत धरा. एकट्यानं राखण होत नाही, सगळ्या शिवाराचे राखणीचे माळे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर लागतात. नुकसान झालं तर दिसल्या दिवशीच फोटो काढून वनखात्याकडे अर्ज द्या.

दुसऱ्या वर्षी रोपवाटिका करताना राब न भाजता गादीवाफा करा. एक मीटर रुंद, चार बोटं उंच, मातीत भाताच्या तुसाची राख मिसळून. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून बियाणं त्यात ओता. तरंगेल ते काढून टाका, बुडेल ते दोनदा स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा. रोप २१ ते २५ दिवसांचं झालं की लावा, एका चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) दोन-तीन काड्या. चिखलणीच्या वेळी गुंठ्याला ३० किलो गिरिपुष्पाचा पाला गाडा. बांधावर ती झाडं लावायला सांगितलं ते यासाठी. पाला कुजायला आठवडाभर द्या. पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरानं लावणी केली की चार चुडांचे चौकोन पडतात. प्रत्येक चौकोनाच्या मधोमध २.७ ग्रॅमची युरिया-डीएपी ब्रिकेट (खताची दाबून केलेली गोळी) लावणीच्याच दिवशी बोटानं खोल खोचा. या पावसात वरून फेकलेला युरिया सांडव्यातून ओढ्याला जातो, खोचलेली गोळी मुळापाशी राहते. नांगी (रोप मेल्यानं राहिलेली मोकळी जागा) पडू देऊ नका, बांध गळू देऊ नका, बाकी भात तुम्हाला सांभाळून घेईल.

बियाण्याबद्दल. इंद्रायणी हे वडगाव मावळच्या संशोधन केंद्राचं वाण, १९८७ सालचं. चांगलं आहे, बाजारही आहे. पण मावळातलं खोल मातीचं खाचर आणि तुमचं पातळ मातीचं खाचर यांत फरक आहे. निम्म्या खाचरांत इंद्रायणी लावा, तळाच्या, ओल धरणाऱ्या. वरच्या हलक्या खाचरांत गावातलं जे वाण त्याच उंचीवर टिकून आहे तेच लावा. काळभात, जिरवेल, रायभोग, ढवळ, गरी कोळपी अशी वाणं अजून घरोघर थोडीथोडी आहेत. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशीच गावरान बियाणी जपली. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. काळभात उंच वाढतो, जास्त युरिया दिला तर लोळतो. त्याला गिरिपुष्पाचा पाला पुरे.

आजोबा कोणतं भात लावत होते हे तुमच्या वडिलांना कदाचित आठवणार नाही. खालच्या खाचरवाल्याला विचारा. बारा वर्षांपूर्वीपर्यंत तुमच्या बांधावरून त्याच्या शेतात जे उतरत होतं ते त्याला नक्की आठवतं, आणि त्याच्या कणगीत त्याचं मूठभर बी निघण्याचा संभव आहे. विकत मागू नका, परतीच्या बोलीवर मागा.